मूळ आणि पूर्वाषाढा यांच्या दरम्यानचे मेघ

यवतमाळ जिल्ह्यात ज्येष्ठ वद्यातील मध्यरात्री दक्षिणेस तोंड करून उभे राहिले, तर मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान, क्षितिजापासून सुमारे 40 अंशांवर, आपल्या आकाशगंगेचे केंद्र येते. पण नेमके तेव्हाच मृगाचे ढग दाटलेले असतात, आणि सरकी टोबून बसलेल्या कास्तकाराला त्या ढगांपलीकडचे काही पाहण्याची उसंत नसते.

या केंद्राची पहिली वर्दी डोळ्यांनी दिलीच नाही, कारण मधल्या धुळीतून तेथला दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. 1933 साली कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने, रेडिओसंदेशांत येणाऱ्या खरखरीचा उगम शोधताना, तिचा एक अंश धनु राशीकडून येतो असे जाहीर केले. 1944 साली जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये व्हान डी हुल्स्ट यांनी, हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटर लांबीची क्षीण लहर सोडत असला पाहिजे, असे गणिताने दाखवले. 1951 साली ती लहर पकडली गेली, आणि ताऱ्यांच्या कच्च्या मालाचा जमाखर्च मांडण्याचे साधन हाती आले.

वायूचा मेघ थंडावला की त्याचा आतला दाब उतरतो, स्वतःच्याच गुरुत्वाने तो आकसतो, त्याच्या गाठी होतात, आणि गाठीच्या गाभ्याचे तापमान 1 कोटी अंशांच्या घरात गेले की तारा पेटतो. या न्यायाने आकाशगंगेच्या केंद्रालगतच्या मुलखात, जेथे कित्येक कोटी सूर्यांइतका दाट वायू साठलेला आहे, ताऱ्यांचे अमाप पीक यावयास हवे. प्रत्यक्षात वसुली अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश आहे. तेथला वायू अन्य मेघांहून उष्ण आहे, प्रचंड खळबळीत आहे, आणि चुंबकीय क्षेत्रही त्याला सहजी आकसू देत नाही. सुमारे 1 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा, संशोधकांनी ‘वीट’ असे नाव दिलेला एक मेघ तर जवळजवळ वांझच आहे. ढग दाटावेत आणि बरसू नयेत, ही व्यथा आमच्या जिल्ह्याला समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या अवर्षणाचा दाखला महाराष्ट्राच्याच भूमीवरून मिळाला, याचे मला फार अप्रूप आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांनी 45 मीटर व्यासाच्या, तारांच्या हलक्या जाळीच्या 30 तबकड्यांची जी दुर्बीण उभारली, तिच्या साहाय्याने 2020 साली आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या 7,653 दीर्घिकांच्या लहरी एकत्र मिळवून त्यांतील हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेची लहर इतकी क्षीण, की ती एकटी ऐकूच येऊ नये. बेरजेत मात्र ती उमटली. त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवीत होत्या, त्या मानाने त्यांची शिल्लक अवघी 1 ते 2 अब्ज वर्षे पुरणारी होती. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, आणि विश्वातील ताऱ्यांची निपज ओसरत गेली. हा शोध प्रसिद्ध होण्याच्या महिनाभर आधी, 7 सप्टेंबर 2020 रोजी, स्वरूप निवर्तले होते.