सुई, चाचणी-पट्टी आणि कायदा

घरातील तरुण मुलाच्या कपाटात इंजेक्शनची सुई सापडली, तर आईवडिलांना प्रथम भीती वाटते ती पोलिसांची व बदनामीची. डॉक्टर आठवतात ते नंतर. कायदा ही भीती वाढवू शकतो, तशी कमीही करू शकतो. या दृष्टीने अमेरिकेतील राज्यांचा अनुभव उद्बोधक आहे.

अमली पदार्थांच्या सेवनाची साधने खुलेआम विकली जाऊ नयेत, यासाठी तेथील केंद्र सरकारने १९७९ मध्ये एका नमुना कायद्याचा मसुदा तयार केला. बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारला. चिलमींबरोबर सुया आणि पदार्थ तपासण्याची साधनेही त्याच्या कक्षेत आली. हेतू स्तुत्य होता. परंतु पुढे एड्स आला. सुई मिळणे व बाळगणे अवघड झाल्याने एकच सुई अनेकजण वापरीत व विषाणू पसरे. कनेक्टिकट राज्याने १९९२ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना सुई विकत घेण्यास मुभा दिली. त्यानंतरच्या पाहणीत सुया वाटून घेण्याचे प्रमाण घटल्याचे आढळले. इंडियाना राज्याला मात्र जाग आली ती २०१५ मध्ये. स्कॉट परगण्यातील सुमारे चार हजार वस्तीच्या ऑस्टिन गावी व परिसरात एचआयव्हीची साथ पसरली आणि बाधितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. त्याच वर्षी कायदा बदलून सुई-बदल केंद्रांना परवानगी देण्यात आली.

आज प्रश्न फेंटानिलचा आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात ते हे औषध हेरॉइनहून सुमारे पन्नासपट तीव्र असते. चोरट्या मालात त्याची भेसळ झाली आहे काय, हे कागदाची एक लहानशी पट्टी सांगू शकते. पण जुन्या कायद्याने तीही गुन्ह्याचे साधन ठरत होती. मेरीलँडने २०१८ मध्ये व ओहायोने २०२३ मध्ये ही अडचण दूर केली. मिनेसोटाने २०२३ मध्ये सेवनाची साधने बाळगणे हा गुन्हाच रद्द केला. उलट, आयडाहोने २०१९ चा सुई-बदल कायदा २०२४ मध्ये मागे घेतला. म्हणजेच वाद संपलेला नाही.

आपल्या देशातही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात स्वयंसेवी संस्थांमार्फत निर्जंतुक सुया पुरविल्या जातात. यामुळे व्यसनास उत्तेजन मिळेल, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु व्यसनमुक्तीचा उपचार जिवंत माणसावरच करता येतो. स्वच्छ सुई व्यसन सोडवीत नाही. ती रुग्णाला उपचाराच्या दारापर्यंत पोहोचण्यास अवधी देते. म्हणून रुग्णाच्या आप्तांना विनंती, की घरात सुई आढळल्यास ती लपवू नये. नि:संकोचपणे डॉक्टरांशी बोलावे.