गेटवे निवडताना: इंटरनेट टेलिफोनी आणि जुनी तार

इस्रायलच्या व्होकलटेकने १९९५ मध्ये ‘इंटरनेट फोन’ बाजारात आणला, तेव्हा बोलणाऱ्या दोघांकडेही संगणक लागत असे. संगणकावरून साध्या टेलिफोनवर बोलायचे, तर मध्ये गेटवे हवा. त्याने एका बाजूने आवाजाची पॅकेट घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने एक्स्चेंजच्या तारेशी जुळवून घ्यायचे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खरेदीच्या वेळी चर्चा झाली ती बहुधा पहिल्या बाजूची. काम अडले ते दुसऱ्या बाजूला.

इंटरनेटची बाजू तुलनेने लवकर मार्गी लागली. कॉल जुळवणाऱ्या दोन प्रोटोकॉलमध्ये, १९९६ चा एच.३२३ आणि १९९९ चा सिप यांच्यात, काही काळ चढाओढ होती. २००२ मध्ये सिपची सुधारित आवृत्ती आली आणि हळूहळू नवी खरेदी तिकडेच वळली. आवाजाचे डिजिटल रूप करणाऱ्या कोडेकचा हिशेबही सरळ होता: जी.७११ ला सेकंदाला ६४ किलोबिट, जी.७२९ ला फक्त ८. पण दुसऱ्याला परवान्याचे पैसे पडत.

तारेच्या बाजूला पहिला घोळ पोर्टचा. एफएक्सएस पोर्ट टेलिफोनला वीज आणि घंटी पुरवतो, तर एफएक्सओ पोर्ट त्या एक्स्चेंजकडून घेतो. सॉकेट दिसायला सारखेच, त्यामुळे भलताच पोर्ट गळ्यात पडणे सहज घडे. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. त्यासाठी डिजियम कंपनीने काढलेल्या टीडीएम४००पी कार्डावर एफएक्सएसचे मॉड्यूल हिरवे, तर एफएक्सओचे लाल ठेवले होते. रंगाची ही सोय मोठीच म्हणायची.

खरा कस एफएक्सओचा लागे. पलीकडच्याने रिसिव्हर ठेवला हे साध्या तारेवर गेटवेला आपोआप कळतेच असे नाही. एक्स्चेंजने तारेची ध्रुवता उलटवली तर ठीक, नाहीतर एंगेज टोन ओळखावा लागतो. भारतातला हा टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. गेटवे मात्र अनेकदा अमेरिकी टोनवर बेतलेला येई. मग कॉल संपूनही लाइन अडकून पडे. कॉलर आयडीचे तेच. ॲस्टेरिस्कच्या सेटिंगमध्ये त्यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ असा खास भारतीय पर्यायच द्यावा लागला. शिवाय दोन तारांच्या जोडणीत मूळचाच असलेला प्रतिध्वनी इंटरनेटच्या विलंबामुळे ठळक ऐकू येई. म्हणून पोर्टच्या संख्येआधी तो दाबणारा एको कॅन्सलर पाहणे शहाणपणाचे होते.

लाइन बऱ्याच असल्या की ई१ या डिजिटल लाइनवरची पीआरआय जोडणी सरस ठरे. तिच्यात ३० कॉल मावतात आणि कॉल संपल्याचा संदेश वेगळ्या चॅनेलवरून येतो. अमेरिकेतली टी१ २४ चॅनेलची, त्यामुळे तिकडून कार्ड मागवताना ते ई१ वर चालते का, हे विचारणे भाग होते.

भारतात निवडीला कायद्याचीही चौकट होती. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, तरी देशातल्या टेलिफोन जाळ्याशी तिची जोडणी वर्ज्यच राहिली. त्यामुळे दोन्ही बाजू जोडू शकणारे यंत्र घेऊनही त्या एकमेकींपासून तोडून ठेवाव्या लागत. २०१८ मध्ये दूरसंचार परवानाधारकांना मुभा मिळाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ सेवा आणली. २०२० आणि २०२१ मध्ये बीपीओंवरचे नियमही सैल झाले.

तोवर दूरसंचार कंपन्या तारेऐवजी थेट सिपवरूनच लाइन, म्हणजे सिप ट्रंक, देऊ लागल्या होत्या आणि एफएक्सओचे महत्त्व ओसरले होते. आता छोटे एफएक्सएस अडॅप्टर घेतले जातात ते मुख्यतः फॅक्स, लिफ्टमधला फोन आणि जुने इंटरकॉम चालू ठेवण्यासाठी. त्यातही फॅक्स असेल, तर इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या टी.३८ या मानकाची सोय आहे का ते आधी पाहावे लागते.