बोर्डाचं बटण आणि सकाळचा गजर

गावाकडच्या सेवा केंद्रात शटर ओढण्याआधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं जातं. धाराशिव जिल्ह्यात ही सवय चुकीची म्हणता येत नाही. लाइट कधी जाईल, कधी येईल आणि येताना किती जोरात येईल, याचा नेम नसतो. पण जुलैअखेर पीकविम्याची मुदत जवळ आली की त्याच केंद्रचालकाला वाटतं, आठला शटर उघडेपर्यंत कॉम्प्युटरनं आपोआप उठून अपडेट उरकलेले असावेत. तो वेळ लावतो. सकाळी यंत्र थंडच. मग समज पक्का होतो, ‘ही सोय महागड्या मशीनमध्येच असते.’

तसं काही नाही. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली एसीपीआय नावाचं मानक मांडलं. झोपणं आणि उठणं याच्या पायऱ्या त्यात ठरल्या, आणि तेव्हापासून ती सोय साध्या डेस्कटॉपातही आली. अडतं ते बोर्डाच्या बटणापाशी.

कॉम्प्युटर बंद असला तरी मदरबोर्डावर एक छोटं घड्याळ चालूच असतं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि उठवण्याचा गजरही याच घड्याळात असतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद यंत्राचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबासुद्धा मदरबोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा देत राहतो. गजर झाल्यावर यंत्र उठतं ते या पुरवठ्याच्या जोरावर. बटण बंद केलं की घड्याळ नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर चालतं. हा ३ व्होल्टचा सेल वेळ सांभाळतो, यंत्र उठवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. वर रोज रात्रभर त्याच्यावरच भार टाकला तर तो लवकर संपतो.

संपलेला सेल ओळखणं सोपं असतं, तरी लोक भलतीकडेच शोधतात. यंत्र सुरू केलं की तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. बँकेची किंवा सरकारी साइट उघडायला जावं तर ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, कारण साइटचं प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अस्तित्वातच नव्हतं. शिव्या मात्र नेटला बसतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघावी आणि किरकोळ किमतीचा तो सेल बदलून घ्यावा.

‘झोपवलं तरी वीज तेवढीच जाते,’ असंही ऐकू येतं. हिशेब करून बघा. साधा डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तर साधारण ५० वॉट घेतो. रात्रीचे १४ तास धरले तर ०.७ युनिट, म्हणजे महिन्याला २१ युनिट. स्लीपमध्ये तो ३ वॉट घेतो असं धरलं तर महिन्याला सव्वा युनिटच्या आसपास. पडद्यावर मासे फिरवणारा स्क्रीनसेव्हर मात्र काहीच वाचवत नाही.

आपल्या भागात खरा प्रश्न स्लीप की हायबरनेट हा आहे. स्लीपमध्ये उघडी कामं रॅममध्ये असतात आणि रॅमला वीज लागते. यूपीएसची बॅटरी संपली की अर्धवट भरलेला फॉर्म गेला. हायबरनेटमध्ये सगळं हार्ड डिस्कवर लिहून यंत्र बंद होतं, मग रात्रभर लाइट नसली तरी काम जसंच्या तसं राहतं. उठायला थोडा वेळ जास्त लागतो, पण माझं मत हायबरनेटलाच. अर्थात ठरल्या वेळी प्लगमध्ये वीज नसेल तर दोन्हीतून यंत्र उठत नाही. बायोसमध्ये ‘लाइट आल्यावर सुरू हो’ अशी सोय बहुतेक डेस्कटॉपांत असते, पण मग रात्री दोनला लाइट आली तरी यंत्र दोनलाच सुरू होणार.

उठण्याची वेळ लावायला विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये कामाच्या ‘कंडिशन्स’खाली ‘वेक द कॉम्प्युटर’ची खूण करावी लागते आणि पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर्स’ना परवानगी द्यावी लागते. दुसरी राहिली की पहिली वाया जाते. पूर्ण शट डाउन केलेलं यंत्र टास्क शेड्युलर उठवू शकत नाही. त्यासाठी बायोसमधला आरटीसी अलार्म, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्याच घड्याळाचा गजर, लावावा लागतो.

‘सगळं केलं, तरी उठलंच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा खोटी ठरते. उठलेलं असतं, पण माणसाचा हात लागला नाही आणि यंत्राला जागं ठेवणारं कामही नसलं तर विंडोज नेहमीच्या सेटिंगमध्ये दोनच मिनिटांत त्याला परत झोपवतं, आणि स्क्रीन काळी ती काळीच. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी कमांडला ‘लास्टवेक’ जोडून विचारलं तर शेवटचं कशानं उठलं ते कळू शकतं.

मे-जूनमध्ये विजा कडाडत असतील त्या रात्री हे सगळं बाजूला ठेवून सरळ प्लग उपटावा, नेटची वायरसुद्धा. नुसतं बटण बंद करून पुरेसं संरक्षण मिळत नाही. एरवी वेळापत्रकावर विसंबण्याआधी दिवसाढवळ्या एकदा पाच मिनिटांनंतरची वेळ लावून यंत्र हायबरनेट करावं आणि समोर बसून बघावं. काही यंत्रं स्लीपमधून उठतात पण हायबरनेटमधून उठत नाहीत, आणि ते आधी कळलेलं बरं.