जत्रेतली यंत्रं – लेखांक ७ : घोड्यांचा पाळणा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं आणि आजूबाजूची मिठागरं मागे पडत जातात. उत्तनवरून गोराईकडे वळलं की एस्सेलवर्ल्ड. बोरिवलीकर खाडी ओलांडून बोटीने जायचे. आपला हा डांबरी रस्ता. १९८९ साली उघडलेल्या या उद्यानातल्या राइड्स कोविडनंतर थांबल्या. शेजारचं १९९८चं वॉटर किंगडम तेवढं चालू राहिलं.

अशा उद्यानांत पोरं रांगा लावतात त्या पोटात गोळा आणणाऱ्या राइड्सना. मेरी-गो-राउंड, म्हणजे आपला घोड्यांचा पाळणा, धाकट्यांचा आणि त्यांना धरून उभ्या राहणाऱ्या आज्यांचा. पण गेल्या आठवड्यातल्या रहाटपाळण्याला नाही असं राजघराण्याचं कूळ या घोड्यांना आहे.

या पाळण्याचं दुसरं नाव ‘कारुझेल’. फ्रान्समध्ये तो आधी खेळ नव्हता, घोडेस्वारांच्या कवायतीचा सोहळा होता. १६६२ साली चौदाव्या लुईने पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यासमोर असा एक थाटाचा सोहळा केला. त्या चौकाला आजही कारुझेलचंच नाव आहे. धावत्या घोड्यावरून टांगलेल्या कडीत भाला घालायचा, ही त्यातली एक कसरत. तिच्या सरावासाठी खऱ्या घोड्याला कशाला दमवा? म्हणून खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे आले. सरदारांची ती तालीम पुढे मुलांनी पळवली.

बराच काळ हे घोडे माणसं ढकलत, नाहीतर खरा घोडा ओढत असे. हातावर मोजण्याइतके लाकडी घोडे, एवढीच पाळण्याची ताकद. १८६१च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याला वाफेचं इंजिन जोडलं गेलं. मग १८८०च्या दशकात किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेजच्या कारखान्याने घोड्यांना दौड शिकवली.

ही दौड समजून घ्यायची तर घोड्याकडे नको, छताकडे बघा. मधल्या खांबावर एक दातेरी चाक पक्कं बसवलेलं असतं. ते फिरत नाही. त्याच्याभोवती छत्रीच्या काड्यांसारखे आडवे दांडे, आणि प्रत्येक दांड्याच्या आतल्या टोकाला छोटं दातेरी चाक. पाळणा फिरला की हे छोटं चाक मोठ्यावरून लोळत जातं आणि दांडा स्वतःभोवती फिरू लागतो. दांडा सरळ नसतो, त्याला कोपरासारखी वाकणं असतात. घोड्याची सळई त्या वाकणाला टांगलेली. वाकण वर गेलं की घोडा वर, खाली आलं की खाली. शेजारच्या घोड्याचं वाकण उलट्या दिशेला ठेवलेलं असतं, म्हणून तुमची ताई वर असते तेव्हा तुम्ही खाली! मोटर एक, गती दोन.

आणखी एक गंमत. मधल्या खांबापासून सहा मीटरवर बसलेलं मूल मिनिटाला पाच फेऱ्या घेत असेल, तर त्याचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर होतो. तीन मीटरवरचा भाऊ त्याच वेळात तेवढ्याच फेऱ्या घेतो, पण निम्म्या वेगाने. कडेच्या घोड्यासाठी होणारी भांडणं अगदी शास्त्रशुद्ध असतात.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा १८७६चा पाळणा अजून फिरतो आहे. आपल्याकडे असं वय सांगता येणारा पाळणा सापडणं कठीण. मला त्याचं कारण साधं वाटतं : आपला पाळणा बागेचा नव्हेच, जत्रेचा. माहीमच्या उरुसात उभा राहायचा, दिवस भरले की नटबोल्ट सोडून ट्रकवर चढायचा. वाटेत घोड्याचा कान तुटला तर पुढच्या गावी नवा. रंग तर दरवर्षीच. काही वर्षांनी जुनं काय उरलं, हे पाळणेवालाही सांगू शकणार नाही. गल्लीत हातगाडीवरून चार घोड्यांची चक्री आणणारा तर कुठल्याच नोंदवहीत नाही. एका जागी रोवलेलं एस्सेलवर्ल्ड तीन दशकांनी थांबलं. हा फिरस्ता अजून फिरतोच आहे.

तेव्हा एक विनंती. घरच्या अल्बममध्ये अशा घोड्यावर बसलेल्या कुणाचा फोटो असेल, तर मागे गाव, जत्रा आणि साल आजच लिहून ठेवा. आजी आहे तोवर तिला विचारून.

पुढच्या आठवड्यात : मौत का कुआँ.