हेलपाट्यांचा हिशेब

वेबपानाच्या कोडमध्येच चित्र भरण्याची युक्ती एकेकाळी वेग वाढवण्याचा रामबाण उपाय म्हणून मिरवली आणि पुढे वाईट सवय म्हणून हिणवली गेली. युक्ती दोन्ही वेळी तीच होती. बदलला तो सर्व्हरकडे मारायच्या हेलपाट्याचा खर्च. १९९३ साली मार्क अँड्रीसन यांनी आयएमजी टॅग सुचवला, तेव्हापासून पानात चित्राचा फक्त पत्ता असे आणि प्रत्येक पत्त्यासाठी ब्राउझरला वेगळी फेरी मारावी लागे. ऑगस्ट १९९८मध्ये लॅरी मॅसिंटर यांच्या आरएफसी २३९७ने ‘डेटा’ यूआरएल मांडली: पत्त्याच्या जागी चित्रच, बेस६४च्या अक्षरांत उतरवलेले. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार सुमारे ३३ टक्क्यांनी फुगतो. ही सोय छोट्या ऐवजापुरतीच आहे, असे त्या दस्तऐवजातच बजावले होते. पुढे ते फारसे कुणी मनावर घेतले नाही.

इंटरनेट एक्स्प्लोररला ही यूआरएल २००९च्या आठव्या आवृत्तीपर्यंत कळत नव्हती, आणि कळू लागली तीही ३२ केबीच्या मर्यादेत. पण त्याच सुमारास युक्तीचे नशीब उघडले. ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने एका सर्व्हरशी दोनच जोडण्या सुचवल्या होत्या; ब्राउझरांनी त्या सहापर्यंत नेल्या, तरी चाळीस चित्रबटणांचे पान रांगेत ताटकळतच राही. फेऱ्या कमी करा, हा स्टीव्ह साउडर्स यांच्या २००७च्या पुस्तकातला पहिलाच नियम होता.

जीझिप या दाबण्याच्या पद्धतीने बेस६४ची ही सूज बरीचशी उतरते, मग तोटा कसला, असे समर्थक विचारतात. सूज उतरते हे खरे, पण कॅशचे, म्हणजे एकदा उतरवलेली फाइल ब्राउझरने साठवून पुन्हा वापरण्याच्या सोयीचे, नुकसान भरून निघत नाही. पानात शिवलेले चित्र पानातले एक अक्षर बदलले तरी पुन्हा उतरवावे लागते. ते सीएसएसच्या, म्हणजे पानाच्या सजावटीच्या, वेगळ्या फाइलमध्ये हलवले तर कॅश साधते, पण ती जडावलेली फाइल येईपर्यंत पान कोरेच. २०१५मध्ये एचटीटीपी/२ने एकाच जोडणीवर अनेक मागण्या एकदम नेण्याची सोय केली आणि हेलपाटा स्वस्त झाला. फुकट मात्र नाही, म्हणूनच वेबपाने बांधणाऱ्या साधनांत छोटी चित्रे आजही कोडमध्ये भरली जातात: वीटमध्ये (Vite) त्यासाठीची मूळ मर्यादा चार केबी, तर वेबपॅक ५मध्ये आठ केबी असते. मॅसिंटर यांचा इशारा असा उशिरा पाळला गेला. मोठी चित्रे पोटात घेतलेली एकसंध एचटीएमएल फाइल मात्र या हिशेबात बसत नाही. पेनड्राइव्हवरून उघडलेल्या अशा अहवालाला सर्व्हरच नसतो.