अणुभट्टीचा अंगचा लगाम

तारापूरच्या अणुभट्ट्यांपासून १९६९ साली वीज मिळू लागली. आम्ही केडगावात या विषयाला हात घातला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : भट्टी बॉम्बसारखी फुटत का नाही? ‘शास्त्रज्ञ काळजी घेतात’ हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. भट्टीच्या इंधनात सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ शेकडा दोन-तीनच असते, हे एक कारण. दुसरे कारण उरलेल्या युरेनियम-२३८ च्या केंद्रकात दडले आहे.

केंद्रकाच्या ऊर्जापातळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या ठरावीक असतात. येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा एखाद्या पायरीशी जुळली, की केंद्रक त्याला गिळून टाकते. यास संस्पंदन म्हणतात. पायऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून न्यूट्रॉनांची शर्यत लावतात. एकाच क्षणी सुटलेले न्यूट्रॉन लांब नळीतून धावतात. जलद आधी पोहोचतात, मंद मागाहून. वाटेत युरेनियमचा पातळ पत्रा ठेवला, तर काही ठरावीक वेळांचे न्यूट्रॉन जवळजवळ येतच नाहीत. वेळेवरून वेग कळतो, वेगावरून ऊर्जा. युरेनियम-२३८ चा पहिला मोठा खळगा ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे. त्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनला शंभर मीटर धावायला सुमारे २.८ मिलिसेकंद लागतात. पुढचे मोठे खळगे २०.९ आणि ३६.७ ला. न पाहिलेल्या राजाचा काळ शिलालेखाच्या अक्षरवळणावरून ठरवणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये.

पायऱ्या इतक्या दाट का, याचा उलगडा नील्स बोर यांनी १९३६ साली केला. आत शिरलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा सर्व कणांत वाटली जाते. वाटणीचे प्रकार अगणित, म्हणून पातळ्याही अगणित.

आता भट्टीकडे वळू. इंधन तापले की त्यातील केंद्रके अधिक थरथरतात आणि हे खळगे रुंदावतात. मंदावत चाललेले अधिक न्यूट्रॉन त्यांत अडकतात, विखंडनास कमी उरतात, साखळी सैलावते. या लगामाला ना वीज लागते, ना माणूस.

तथापि हा लगाम फक्त साखळीला आवरतो. भट्टी बंद झाल्यावरही किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. २०११ साली फुकुशिमा येथे त्सुनामीने शीतकरण बंद पडले, तेव्हा साखळी आधीच थांबली होती. इंधन वितळले ते या उरलेल्या उष्णतेने. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही त्याच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. विद्यार्थ्यांना आम्ही हेही सांगतो.