एक्सेलच्या टॅबचं नाव आणि आपली उधारी : टोटल कमी दिसते तेव्हा आधी खाली बघा

उधारीच्या शीटचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येतेय. "सर, टॅबला नाव देता येत नाही." "नाव अर्धंच बसतं." "नाव बदललं आणि गोषवाऱ्यात शून्य आलं." व्हिडिओत हे घाईघाईत दाखवता येत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी सोपं. टॅबच्या नावात तिरकी रेघ (दोन्ही बाजूंची), प्रश्नचिन्ह, फुली म्हणजे स्टार, कोलन आणि चौकोनी कंस चालत नाहीत. आपण दुकानदार सवयीने तारीख "०१/०४" अशी लिहितो, आणि तिथेच अडतं. "०१-०४" लिहा, विषय संपला. गोल कंस चालतो. नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी एकेरी अवतरणचिन्ह चालत नाही. आणि इंग्रजीतला "हिस्टरी" हा शब्द एक्सेलने स्वतःसाठी राखून ठेवलाय, तो टॅबला देता येत नाही. मराठीत "इतिहास" लिहा, काही म्हणत नाही.

आता अर्ध्या नावाची गंमत. टॅबच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा आहे. पण एक्सेल अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं धरतो. "एप्रिल महिन्याची थकीत उधारी यादी" हे नाव घ्या. आपल्या डोळ्यांना १५ अक्षरं आणि ४ मोकळ्या जागा, म्हणजे १९. एक्सेलच्या हिशेबाने ३२! त्यामुळे शेवटची वेलांटी बसत नाही आणि तुमची "यादी" होते "याद". खोटं वाटत असेल तर एका सेलमध्ये नाव टाइप करा आणि बाजूला लेन फॉर्म्युला लावा, आकडा समोर येईल. मराठीत टॅबची नावं द्यावीत की नाही, असं मला विचारतात. जरूर द्या, काउंटरवरच्या पोराला "उधारी" पटकन कळतं. फक्त नाव दोन शब्दांत आटपा.

इथवरचा सगळा त्रास फक्त चिडचिडीचा. पैशाचा त्रास पुढे आहे.

आपल्यातले बरेच जण प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक टॅब ठेवतात आणि पुढे "गोषवारा" नावाचं एक शीट. गोषवाऱ्यात डावीकडे गिऱ्हाइकाचं नाव, उजवीकडे त्याची बाकी. ही बाकी आणायला इनडायरेक्ट फॉर्म्युला वापरला असेल, तर सावध व्हा. साध्या फॉर्म्युल्यात, म्हणजे बरोबर टाइप करून, मग दुसऱ्या टॅबवर जाऊन सेल क्लिक केलेल्या फॉर्म्युल्यात, टॅबचं नाव बदललं की एक्सेल आपोआप फॉर्म्युलाही सुधारतो. इनडायरेक्टला मात्र ते नाव नुसता मजकूर म्हणून दिलेलं असतं. तुम्ही टॅब "हॉटेल" चा "हॉटेल नवीन" केला, तरी तो बिचारा जुनं "हॉटेल"च शोधत बसतो. सापडत नाही, मग "रेफ"ची एरर देतो.

एरर दिसली तर उलट बरं. पण ती वाईट दिसते म्हणून आपण वरून इफएरर लावून तिथे ० आणतो, आणि खेळ इथेच होतो. आमच्या बॅचमधल्या एका हार्डवेअरवाल्यांच्या गोषवाऱ्यात एका ठेकेदाराची बाकी शून्य दिसत होती. त्यांना वाटलं, मुलाने वसुली केली असेल. मुलाला वाटलं, बाबांनी केली. टॅबमध्ये १८,४०० रुपये तसेच पडून होते. मुलाने टॅबच्या नावामागे एक मोकळी जागा दिली होती, बस्स. "ठेकेदार" आणि "ठेकेदार" मागे स्पेस, डोळ्यांना एकच, एक्सेलला दोन वेगळी नावं.

म्हणून माझं म्हणणं : इफएररमध्ये ० कधीच टाकू नका, "टॅब तपासा" असे शब्द टाका. शून्य हा आकडा आहे, तो टोटलमध्ये गुपचूप मिसळतो. शब्द डोळ्यात खुपतो. आणि गोषवाऱ्यातलं नाव हाताने पुन्हा टाइप करू नका. टॅबवर डबल क्लिक करून तिथून कॉपी करा आणि सेलमध्ये पेस्ट करा. विशेषतः "वऱ्हाड", "कऱ्हाड" असल्या नावांत. त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगळ्या पद्धतीने बनतो, दिसतो मात्र एकसारखा. लेन लावून बघा, कधी कधी आकडा एकाने जास्त येतो.

टॅबच गायब झाले? बहुतेक वेळा खालचा आडवा स्क्रोलबार टॅबवर पसरलेला असतो, त्याचं डावं टोक धरून उजवीकडे ओढा. एखादाच टॅब नसेल तर दुसऱ्या टॅबवर राइट क्लिक करून अनहाइड बघा. सगळेच नसतील तर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्डमध्ये "शो शीट टॅब्ज"ची टिक गेलेली असते. आणि रिनेम फिकट दिसत असेल तर कुणीतरी रिव्ह्यूमधून वर्कबुक प्रोटेक्ट केलंय, पासवर्ड त्याच्याकडून घ्या.

एक शेवटचं, आणि हे सगळ्यात महाग पडतं. वर फाइलच्या नावाशेजारी "ग्रुप" असा शब्द दिसला, की हात थांबवा. याचा अर्थ दोन किंवा जास्त टॅब एकत्र सिलेक्ट आहेत, आणि तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या पानावर लिहिलेली रक्कम त्या सगळ्यांच्या पानांवर त्याच सेलमध्ये उतरतेय. प्रिंट काढायला टॅब निवडले आणि तसेच राहिले, असं हमखास होतं. टॅबवर राइट क्लिक करून अनग्रुप शीट्स करा, मग पुढचं लिहा.

पुढच्या व्हिडिओत इनडायरेक्ट न वापरता गोषवारा कसा बांधायचा ते दाखवतो. तोवर तुमच्या गोषवाऱ्यात जिथे जिथे ० दिसतोय, तो एकेक टॅब उघडून बघा.